मागच्या चाकांचे ब्रेक पॅड

किनवट तालुक्यातील इस्लापूरच्या परिसरात रस्ते चढउतारांचे असून पावसाळ्यात चिखल थेट चाकांच्या आतपर्यंत उडतो, त्यामुळे तेथील मोटारींचे ब्रेक केवळ किलोमीटर मोजून तपासणे पुरेसे ठरत नाही. भारतातील बहुतेक लहान मोटारींना मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्क ब्रेक असल्यास चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर कॅलिपर, म्हणजे दट्ट्या बसवलेली पकड, दोन्ही बाजूंनी पॅड दाबते. पॅडचा घर्षणथर साधारण 3 मिलिमीटरपर्यंत झिजला, की दोन्ही मागच्या चाकांचे पॅड एकदमच बदलावेत.

त्यासाठी सपाट जागी पुढच्या चाकांना अडण लावून, हँडब्रेक सोडून, गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी लागते. खरी मेख दट्ट्यात आहे. पुढचा दट्ट्या सरळ दाबला तरी आत जातो. मागे मात्र अनेक मोटारींत हँडब्रेकही त्याच दट्ट्यावर चालत असल्याने त्याला आतून आटे असतात, म्हणून तो खास हत्याराने फिरवत आत न्यावा लागतो आणि नुसता जोर लावल्यास आतली यंत्रणा मोडते. विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर आधी त्याची मोटर दुरुस्तीच्या स्थितीत न्यावी लागते. दट्ट्या मागे सरताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढते, तेव्हा ते सांडू न देण्याची दक्षता घ्यावी.

जोडणी पूर्ण झाल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी, ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबणे अत्यावश्यक आहे, कारण तोवर पॅड तबकडीला टेकलेलेच नसतात.