पेटीतलं लुगडं आणि पडद्यावरची साडी

हल्ली महिला मंडळाचं हळदीकुंकू असो की सोसायटीचं स्नेहसंमेलन, 'जुन्या नट्यांची वेशभूषा' हा कार्यक्रम हमखास ठेवलेला असतो. कुणी साधनासारख्या बटा कपाळावर ओढून येते, कुणी मुमताजसारखी साडी घट्ट गुंडाळून घेते. लग्नाच्या संगीतालाही मुलींना आईच्या नव्हे, थेट आजीच्या वेळची फॅशन हवी असते. मोबाइलमधला फोटो शिंप्यापुढे धरला जातो आणि "अगदी अस्संच शिवून द्या हं!" अशी ताकीद दिली जाते.

हौसेला मोल नसतं, खरंय. पण त्याच घरातल्या माळ्यावरच्या पेटीत आजेसासूबाईंचं खरंखुरं लुगडं वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेलं असतं. दिवाळीची साफसफाई निघाली की ते बोहारणीला देऊन एखादं स्टीलचं पातेलं पदरात पाडून घ्यावं का, असा विचारही गृहिणीच्या मनात येऊन जातो. जुन्या फॅशनचा पोशाख भाडं भरून आणायचा आणि घरातला जुना कपडा मात्र अडगळ म्हणून काढून टाकायचा, हे काही बरोबर नाही. तेव्हा पेटी रिकामी करण्याआधी पडद्यावरच्या त्या सुंदर पोशाखांची कुळकथा जरा ऐकू या.

चित्रातून रंगभूमीवर, तिथून घराघरांत

सिनेमा यायच्या आधी बायकांना फॅशन कोण शिकवत होतं? एक म्हणजे राजा रविवर्मा. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथं छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघरी भिंतींवर लागल्या. रविवर्म्यांनी देवींना आणि पुराणातल्या नायिकांना साड्या नेसवल्या, अनेकींना तर चक्क आपली नऊवारी. देवघरातली लक्ष्मी जरीकाठी साडीत दिसू लागली, तसा साडीचा तो डौल लोकांच्या डोळ्यांत बसला.

दुसरे अर्थातच बालगंधर्व. पुरुष असूनही स्त्रीभूमिकांत त्यांनी नेसलेले शालू, घातलेले दागिने, माळलेले गजरे यांचं अनुकरण पुण्यामुंबईच्या घरंदाज बायका करू लागल्या. आपल्या आज्या-पणज्यांच्या जुन्या फोटोंतला पदर आणि अंबाडा नीट निरखून पाहा. त्यात गंधर्वांच्या नाटकाची थोडी छटा सापडली तर नवल वाटायला नको.

दादासाहेब फाळके तर काही काळ रविवर्म्यांच्याच छापखान्याचं काम करत होते. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचं काम अण्णा साळुंके या तरुणाने लुगडं नेसून केलं. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्याखुऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. चित्रकला, नाटक आणि सिनेमा यांची अशी अगदी पहिल्यापासून सोयरीक आहे.

कोल्हापूरच्या भानुमती

ही सोयरीक सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर निभावली ती एका मराठी बाईने. भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच पुढच्या भानू अथैया. जन्म १९२९ चा, कोल्हापुरातला. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार. आणि कोल्हापूर तर चित्रकारांनीच सिनेमा वाढवलेलं गाव. बाबूराव पेंटरांनी तिथंच आपल्या हाताने कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला.

वडील लवकर गेले, पण चित्रकलेची गोडी राहिली. भानुमती मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि तिथं त्यांनी उषा देशमुख सुवर्णपदक मिळवलं. हुसेन, गायतोंडे अशा चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ सालच्या प्रदर्शनात त्यांचीही चित्रं होती. एवढ्या पुरुषांमध्ये ही एकटी बाई!

मग चित्रकार बाई कपड्यांकडे वळली कशी? इथं आपल्याला जरा अभिमान वाटेल अशी गोष्ट आहे. त्या एका महिला साप्ताहिकासाठी, 'ईव्हज वीकली'साठी, फॅशनची रेखाटनं काढत होत्या. साप्ताहिकाच्या संपादिकेने पुढे कपड्यांचं दुकान काढलं आणि भानुमतींना म्हटलं, नुसतं कागदावर काढतेस ते कापडावरही करून बघ. त्यांनी केलं. ते कपडे बघून सिनेमातल्या नट्या येऊ लागल्या. कामिनी कौशल यांच्या 'आस' (१९५३) पासून पडद्यावरचं काम सुरू झालं. 'श्री ४२०' (१९५५) मधला नादिराचा काळा झगा आठवतो ना? तोही त्यांचाच. पुढं शंभरहून अधिक चित्रपटांना त्यांनी कपडे दिले.

आम्रपाली आली अजिंठ्याहून

१९६६ साली लेख टंडन यांनी वैजयंतीमालाला घेऊन 'आम्रपाली' केला. कथा वैशालीच्या नगरवधूची, बुद्धाच्या काळातली. त्या काळातल्या बाईला नेसवायचं काय? आपल्यासारखी पाचवारी साडी आणि बाह्यांचं पोलकं तर चालणार नाही. भानू अथैयांनी वाट धरली ती अजिंठ्याची.

तिथल्या भिंतींवरच्या राण्या, दासी, नर्तकी आपण सहलीला गेल्यावर "वा, काय सुंदर!" म्हणून पाहतो आणि पुढच्या लेण्यात जातो. वेशभूषाकाराची नजर वेगळी असते. कमरेचं वस्त्र कुठे खोचलंय, त्यावर आडवे पट्टे आहेत की नक्षी, अंगावरून घेतलेलं तलम उपरणं कुठल्या खांद्यावरून खाली उतरतंय, केसांत मोत्यांचे सर कसे गुंफलेत, हे एकेक टिपून घ्यावं लागतं. ते टिपण नुसतं चित्रात राहून भागत नाही. चित्रातली बाई हलत नाही, पण वैजयंतीमालेला त्याच कपड्यांत नाचायचं होतं. म्हणजे वस्त्र सुटता कामा नये आणि शिवल्यासारखं दिसताही कामा नये. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना यातली मेख चटकन कळेल.

सिनेमा तेव्हा फारसा चालला नाही. पण तो पोशाख टिकला. आज शाळेच्या संमेलनात किंवा पौराणिक मालिकेत दरबारातली नर्तकी आली की तिच्या अंगावर साधारण तोच थाट असतो. नाव कुणाला ठाऊक नसलं, तरी तो अजिंठ्याहून एका कोल्हापूरच्या चित्रकर्तीच्या हातून आलेला आहे.

चुडीदार आणि चेनची साडी

आता शहरातल्या फॅशनकडे या. 'लव्ह इन सिमला' (१९६०) मध्ये साधनाचं रुंद कपाळ झाकायला हॉलीवूडच्या ऑड्री हेपबर्नसारख्या बटा कापल्या गेल्या आणि मुलींनी कात्र्या हाती घेतल्या. 'साधना कट' तो हाच. यश चोप्रांच्या 'वक्त' (१९६५) मध्ये भानू अथैयांनी साधनाला अंगाबरोबर बसणारा कुडता आणि चुडीदार दिला. चुडीदार काही नवा शोध नव्हता, जुन्या दरबारी पेहरावातलाच तो. फक्त कापणी नीटस झाली आणि बघता बघता कॉलेजच्या मुलींच्या अंगावर दिसू लागला.

'ब्रह्मचारी' (१९६८) मधल्या मुमताजच्या नारिंगी साडीची गंमत तर सांगायलाच हवी. शम्मी कपूरबरोबरच्या त्या धावत्या नाचात साडी एवढी घट्ट कशी राहिली, असं अनेकींना वाटलं असेल. साडी नेसलेली नव्हतीच मुळी, ती आधीच शिवून तयार केलेली होती आणि तिला चेन लावलेली होती! घातली की झालं. पण बघणाऱ्याला दिसत होती ती अंगाभोवती वळसे घेत गेलेली साडीच. आज दुकानात 'रेडीमेड साडी' म्हणून जी मिळते, तिची ही थोरली बहीण म्हणायला हरकत नाही.

फोटोत जे दिसत नाही

रिचर्ड ॲटनबरोंचा 'गांधी' (१९८२) हे भानू अथैयांचं सगळ्यांत मोठं काम. दक्षिण आफ्रिकेपासून १९४८ पर्यंतचा काळ, नाना प्रांत, नाना जाती-धर्मांची माणसं, आणि अंत्ययात्रेच्या एकाच प्रसंगात तीन लाखांवर लोक. कपडे जरा चुकले तर सगळंच खोटं वाटणार. कस्तुरबांचंच उदाहरण घ्या. दक्षिण आफ्रिकेला जाताना आपण तिला पारशी पद्धतीची साडी नेसायला लावली, असं गांधीजींनीच आत्मचरित्रात लिहिलं आहे. पुढं त्याच कस्तुरबा खादीत आल्या. एका बाईच्या साडीत एवढा इतिहास! पडद्यावर कस्तुरबा झाल्या होत्या आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी.

या कामासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह भानू अथैयांना ऑस्कर मिळालं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं हे पहिलं ऑस्कर, आणि ते कपड्यांसाठी. पुढे 'लेकिन' आणि 'लगान' (२००१) यांच्या वेशभूषेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले.

असं काम करायला लागतं काय? चित्रं लागतात, जुने फोटो लागतात. पण फोटो काळेपांढरे. त्यात लुगडं हिरवं की जांभळं हे कळत नाही. कापड किती जाड, काठ विणलेला की वरून लावलेला, चोळीची कटोरी कशी जोडली, गाठ कुठे मारायची, हे फोटो सांगत नाही. हे सांगतो फक्त खरा जुना कपडा. आणि राजेरजवाड्यांचे शालू वस्तुसंग्रहालयात एक वेळ सापडतील, पण कारकुनाच्या बायकोने सणाला नेसलेलं इरकली लुगडं, संक्रांतीची काळी चंद्रकळा, गुळेदगुडच्या खणाची चोळी, बाळंतविड्यातलं झबलं-कुंची, हे कोण जपणार? ते आपल्याच पेट्यांत आहे. आपण काढून टाकलं की गेलंच.

जरीचं तर आणखी वाईट. खऱ्या जरीत चांदीची तार असते, म्हणून जुनी जर वजनावर विकत घेणारे घेतात आणि जाळून चांदी काढतात. हातात येतात थोडे पैसे आणि पणजीचा शालू मात्र कायमचा जातो.

भानू अथैयांनी स्वतःचं ऑस्कर २०१२ साली अमेरिकेतल्या अकादमीकडे जपून ठेवायला परत पाठवलं. आपल्यामागे ते नीट राहील ना, ही त्यांना काळजी होती. २०२० च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. जपणूक ही आपोआप होत नाही, कुणीतरी ती मुद्दाम करावी लागते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

पेटी उघडाल तेव्हा

सगळंच ठेवा असं कोण म्हणतंय? दोन खोल्यांच्या संसारात ते जमायचं नाही. पण दोन-तीन कपडे निवडून नीट ठेवणं सगळ्यांना जमेल.

● प्लॅस्टिकच्या पिशवीतून साडी आधी बाहेर काढा. धुतलेल्या, पांढऱ्या, बिनखळीच्या सुती कापडात किंवा जुन्या मलमलीच्या धोतरात गुंडाळा. रंगीत कापड नको, रंग लागतो.

● तीन-चार महिन्यांनी घडी बदला. रेशीम घडीवरच विरतं. जड जरीची साडी हँगरला लटकवू नका, वजनाने फाटते.

● डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा.

● जरीवर अत्तर-सेंट मारू नका. रबर आणि लोकरीचे कपडे त्याच पेटीत नकोत, जर काळी पडते.

● पावसाळा संपला की साडी सावलीत, कोरड्या हवेत तासभर पसरा. ऊन थेट लागू देऊ नका.

● विरलेली साडी कापायचीच असेल, तर पदर आणि काठाचा हातभर तुकडा अखंड ठेवा. उशीचे अभ्रे उरलेल्यातून होतात.

● आणि सगळ्यांत महत्त्वाचं: सुती फितीच्या तुकड्यावर कपड्याची माहिती लिहा. कुणाचं, कुठे घेतलं, कोणत्या प्रसंगाचं, कसं नेसत. फीत दोन टाक्यांनी अडकवा. टाचणी नको, ती गंजते आणि डाग पडतो.

ही माहिती सांगणारं माणूस घरात असेल, तर या कामाला उशीर करू नका. सासूबाईंना, आत्याबाईंना, मावशींना साडी हातात देऊन विचारा. शालूची किंमत त्यांना आठवणार नाही कदाचित, पण तो कुणी आणला, कोण रुसलं, ओचा कसा सोडायचा आणि काष्टा कुठे खोचायचा, हे सगळं त्या हात लावताच सांगू लागतील. शक्य झालं तर एकदा त्यांच्याकडून नऊवारी नेसवून घ्या आणि निऱ्या घालणारे त्यांचे हातही फोटोत येऊ द्या. पुढे कधी तुमच्याआमच्या काळावर कुणी सिनेमा काढला, तर त्याला हे सगळं लागणारच आहे.