वाइल्डकॅटची पुंगळी येते कुठून?

(ध्वनिभागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा प्रश्न साधा वाटतो. जे काडतूस कुठलाच कारखाना बनवत नाही, त्याची पुंगळी आणायची कुठून?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. आजची गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे घरी काडतुसं भरणं हा जुना छंद आहे, आणि त्यातले काही हौशी लोक स्वतःच्या कल्पनेचं काडतूस घडवतात. त्याला म्हणतात वाइल्डकॅट. म्हणजे रानमांजर, कुणी न पाळलेलं! आपल्याला मात्र रस आहे तो पितळात.

उत्तर असं, की पुंगळी नव्याने कुणी बनवत नाही. बाजारात मिळणारी घ्यायची आणि तिचा आकार बदलायचा. अमेरिकन लष्कराने १९०६ साली स्वीकारलेलं .३०-०६ हे काडतूस म्हणजे या प्रकारातली मोठी आई. तिची मान ७.८ मिलिमीटरच्या गोळीसाठी असते. ती आवळून ६.५ मिलिमीटरच्या गोळीपुरती केली की झालं .२५-०६. हे कित्येक वर्षं वाइल्डकॅट होतं. रेमिंग्टनने १९६९ साली ते कारखान्यात बनवायला घेतलं, तेव्हा कुठे ते 'पाळीव' झालं.

आता, मान आवळायची म्हणजे पुंगळीला बाहेरून वंगण लावून पोलादी डायमध्ये दाबायचं. फरक मोठा असेल तर एका दमात नाही, दोन-तीन डायमधून टप्प्याटप्प्याने. वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते, जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात. इथवर हातसफाई. खरी गंमत पुढे आहे.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. हे मिश्रण फार लवचिक, पण प्रत्येक दाबासरशी ते कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत कधी उभे राहिला असाल तर हे पाहिलं असेल. भांडं ठोकता ठोकता पत्रा ताठरतो, मग कारागीर ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतो. न तापवता ठोकत राहिलं तर पत्रा फाटतो. पुंगळीच्या मानेचंही तसंच. म्हणून मान आणि खांदा काही सेकंद ज्योतीवर धरतात. आणि पोलादासारखं पितळ पाण्यात बुडवून कडक होत नाही, बरं का. पाण्याचं काम एवढंच, की उष्णता खाली बुडाकडे जाऊ द्यायची नाही. जुनी रीत तर अशी, की पुंगळ्या पाण्याच्या थाळीत उभ्या करायच्या, बूड पाण्यात आणि मान आगीत.

बुडाची एवढी काळजी का? .३०-०६ उडताना आत ६०,००० पौंड प्रति चौरस इंचापर्यंत दाब तयार होतो. गाडीच्या टायरमध्ये असतो तीस-पस्तीस. तो दाब आणि नेमबाजाचा चेहरा यांच्यामध्ये पुंगळीचं बूडच वायू अडवून धरतं. मान मऊ हवी, बूड कडक. एकाच नळीच्या दोन टोकांना दोन स्वभाव. अख्खी पुंगळी तापवून मऊ केली तर ती दिसायला सुंदर दिसेल, पण ती वापरायची नाही. सरळ मोडीत.

दुसरा धोका खांद्याचा. अशा पुंगळीला चेंबरमध्ये पुढे सरकण्यापासून थांबवतो तो खांदा. घडवताना खांदा जास्त मागे गेला, तर पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते. बार उडाला की तिची पुढची भिंत चेंबरला चिकटते, बूड मात्र मागे ढकललं जातं, आणि बुडाच्या जरा वरचं पितळ ताणून पातळ होतं. बाहेरून तिथे एक चकचकीत कडं दिसतं. आत वाकवलेली तार फिरवली तर खाच हाताला लागते. ही खाच लागली की त्या पुंगळीचं आयुष्य संपलं. पुढच्या वेळी ती तिथेच दुभंगू शकते.

कोलोरॅडोचे बंदूक-कारागीर पी. ओ. अ‍ॅक्ली यांचे 'सुधारित' आकार याच कारणासाठी मला आवडतात. त्यांचं चेंबर असं कोरतात, की मूळ काडतूस मानेच्या आणि खांद्याच्या सांध्यावर किंचित घट्टच बसावं. म्हणजे .२८० रेमिंग्टन विकत आणायचं, अ‍ॅक्ली चेंबरमध्ये उडवायचं, की पुंगळी फुगून ४० अंशांच्या खांद्याची होऊन बाहेर येते. डाय नाही, आवळणं नाही. काही जण तर गोळीच न लावता, थोड्या दारूवर रव्याचा भराव घालून पुंगळी फुगवतात. हो, रवाच!

तिसरी गोष्ट पटकन सांगतो. मान आवळली की तिची भिंत जाड होते. ती चेंबरमध्ये घट्ट बसली तर गोळी सोडायला जागाच उरत नाही आणि दाब एकदम चढतो. म्हणून जाडी मोजून मान बाहेरून तासतात.

आता आपल्या पावसाळ्याची गोष्ट. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप चिरायच्या. कोडं उलगडलं १९२१ साली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेतून पितळावर जायचा आणि घडवताना आत राहिलेला ताण तिथे चीर पाडायचा. नुसता ताण चालला असता, नुसता अमोनियाही चालला असता. दोन्ही एकत्र आले की तडा. तापवल्याने हा ताणही जातो. कारखान्यातल्या नव्या पुंगळीच्या मानेवर कधीकधी निळसर-तपकिरी छटा दिसते, ती त्याचीच खूण. आणि म्हणूनच जाणते लोक अमोनिया असलेली पितळेची पॉलिश पुंगळ्यांना लावत नाहीत.

शेवटचं, बुडावरच्या शिक्क्याबद्दल. आकार बदलला तरी शिक्का जुनाच राहतो. वर .२५-०६ ची मान, खाली .३०-०६ ची अक्षरं. घडवणाऱ्याला ठाऊक असतं. पण वीस वर्षांनी तो डबा त्याच्या नातवाच्या हाती लागला तर? म्हणून अशा डब्यावर आतल्या काडतुसाचं खरं नाव आणि ते कुठल्या रायफलचं, हे ठळक लिहून ठेवतात.