‘झालं’ असं कोण सांगतं?

तीन वर्षांच्या मुलाला पोळी मोडून दिली, तर ते भोकाड पसरतं. त्याला अखंड पोळी हवी असते, आणि मोडलेली आता जोडून हवी असते. रोजच्या गोष्टीतला एखादा शब्द बदलला तरी लगेच चूक काढतं. साधारण दोन ते पाच या वयात बहुतेक मुलं अशीच असतात. दूध त्याच पेल्यात, चपला त्याच जागी, पांघरूण त्याच बाजूने. एवढ्या मोठ्या जगात काही गोष्टी तरी रोज तशाच घडतात, याचा त्यांना आधार वाटतो. शाळेत रुळता रुळता हा आग्रह बहुतेकांचा आपोआप ओसरतो.

काहींच्या बाबतीत मात्र पुढे, बरेचदा नऊ-दहा वर्षांच्या सुमारास, निराळंच काही सुरू होतं. शंभरातल्या एक ते तीन मुलांना ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, होतो असा अंदाज आहे. हल्ली कुणी जरा टापटिपीचा असला की ‘त्याला ओसीडी आहे’ असं हसत म्हटलं जातं. मला ते फार खटकतं. नीटनेटक्या माणसाला आवराआवरीतून समाधान मिळतं. या मुलांचा सगळा जीव ज्या समाधानासाठी तळमळतो, ते त्यांना मिळतच नाही.

हात धुण्याचंच पाहा. नळ कधी बंद करायचा, हे आपल्याला कोण सांगतं? घाण दिसेनाशी झाली म्हणून आपण थांबतो म्हणावं, तर जंतू आधीही दिसत नव्हतेच. तरीही काही सेकंदांनी आतून एक जाणीव उमटते की झालं, आणि हात आपोआप नळाकडे जातो. ही जाणीव इतकी सहज येते की ती असते हेच आपल्या ध्यानात येत नाही. हेन्री शेक्टमन आणि एरिक वुडी या कॅनडातल्या संशोधकांनी 2004 मध्ये मांडलं, की मंत्रचळात नेमकी हीच जाणीव उमटत नाही. मुलीला हात स्वच्छ दिसतात, तिला ते कळतंही, पण ‘झालं’ असं वाटत नाही. मग ती पुन्हा धुते.

पुन्हा केल्याने तरी खात्री पटावी? तेही होत नाही. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी नेदरलँड्समध्ये एक सुरेख प्रयोग केला आणि तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्यावरच्या गॅसच्या शेगडीची बटणं नीट बंद झाली का, हे त्यांनी अगदी निरोगी माणसांना पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. शेवटी त्यांना काय आठवतं ते विचारलं, तेव्हा उत्तरं बरोबर होती. पण आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा स्वतःचा विश्वास डळमळला होता. म्हणजे तपासण्यानेच शंका वाढली होती. दप्तर चारदा उघडून पाहणारा मुलगा निष्काळजी नसतो, विसराळूही नसतो. प्रत्येक वेळी पाहताना त्याच्या हातून खात्री आणखी निसटत जाते.

त्याच्या मनात येणारे विचार तरी जगावेगळे असतात का? स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी 1978 मध्ये सामान्य माणसांना विचारून पाहिलं. कुणाला इजा करावी, काही अभद्र बोलावं, असे नकोसे विचार बहुसंख्यांच्या मनात येऊन जातात असं आढळलं. आपण ते झटकतो. मंत्रचळ झालेलं मूल मात्र त्यांना स्वतःविरुद्धचा पुरावा मानतं. ‘आईला काही व्हावं असं माझ्या मनात आलं, म्हणजे मी वाईट आहे.’ देवाबद्दल काही वेडंवाकडं मनात आलं तर ते कुणाला सांगायचीही चोरी. मग ते मनातल्या मनात आकडे मोजतं, उंबरा ठरावीक पायानेच ओलांडतं. समोर बसलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही.

म्हणूनच ओळखताना आडून दिसणाऱ्या खुणा शोधाव्या लागतात. हातांची त्वचा कोरडी पडून भेगाळलेली असते. साबण पटापट संपतो. खोडरबराने वहीचं पान फाटेपर्यंत एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहिलेलं असतं. धड्यातली तीच ओळ परत परत वाचल्यामुळे गृहपाठाला तास लागतात आणि अंघोळीमुळे शाळेची बस चुकते. ‘आई, नक्की ना?’ हा प्रश्न उत्तर मिळाल्यावरही थांबत नाही. बरीच मुलं शाळेत स्वतःला कसंबसं आवरून धरतात आणि घरी आल्यावर बांध फुटतो. त्यामुळे शिक्षक म्हणतात, ‘आमच्याकडे तर गुणी आहे.’ घरचे म्हणतात, ‘हट्टी झालाय.’ अशा गोष्टींत दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जात असेल, किंवा अभ्यास, खेळ, झोप यांवर पाणी पडत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना गाठायलाच हवं. घसा दुखून गेल्यावर हे सगळं एकाएकी, एकदोन दिवसांत उसळलं असेल, तर तेही डॉक्टरांना जरूर सांगावं.

घरच्यांची माया इथे नकळत उलटी पडते. मूल रडतं, म्हणून आई दहाव्यांदा ‘नक्की’ म्हणते, बाबा दाराची कडी त्याच्या वतीने पाहून येतात. त्याला क्षणभर बरं वाटतं, आणि डास चावलेली जागा खाजवल्यावर होतं तसंच होतं : आराम पडतो आणि खाज वाढते. हा दोष आईवडिलांचा नाही, मुलाचाही नाही. रागावून मात्र काहीच साधत नाही.

उपचाराची वाट 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दाखवली. भीती वाटते त्या गोष्टीजवळ जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. भीती चढते, आणि काही न करताही कालांतराने उतरते. मुलांसोबत हे जबरदस्तीने करत नाहीत. कमी भीतीच्या गोष्टीपासून सुरुवात करून, त्यांच्या संमतीने, एकेक पायरी चढतात. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 7 ते 17 वयाच्या 112 मुलांना बारा आठवडे उपचार दिले गेले. असे वर्तनोपचार आणि सर्ट्रालीन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे 54 टक्के मुलांची लक्षणं जवळजवळ नाहीशी झाली. नुसत्या वर्तनोपचाराने 39, नुसत्या औषधाने 21, आणि औषध म्हणून दिलेल्या निष्क्रिय गोळीने चारही नाही. त्याआधी 1992 मध्ये लुइस बॅक्स्टर यांनी कॅलिफोर्नियात प्रौढ रुग्णांच्या मेंदूची चित्रं घेतली होती. मेंदूच्या खोल गाभ्यातल्या कॉडेट न्यूक्लियस या भागाचं वाढलेलं काम औषधाने बरं वाटलेल्यांमध्ये कमी झालं होतं. केवळ वर्तनोपचाराने बरं वाटलेल्यांमध्येही ते तिथेच कमी झालं होतं. हात न धुण्याच्या सरावाने मेंदूचं काम बदलतं, हे वाचून मी आजही थक्क होते.

शंका आली तर मूल शांत असताना, एकटं असताना विचारावं : ‘हे केलं नाहीस तर काय होईल असं वाटतं?’ उत्तर कितीही विचित्र असलं तरी दचकू नये, हसू नये. कुणाकडे जावं कळत नसेल, तर टेली मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन विनामूल्य आहे. आणि मूल जर म्हणालं, ‘काय होईल माहीत नाही, पण बरोबर वाटत नाही,’ तर ती टाळाटाळ समजू नये. पुष्कळ मुलांना याहून जास्त काही सांगता येत नाही. डॉक्टरांना ते त्याच शब्दांत सांगावं.