वाळा आणि विषारी माती

उन्हाळ्यांत नांदगांवकडील कोरड्या मुलुखांत माठाच्या पाण्यांत वाळ्याची जुडी सोडतात, ती सुगंधासाठीं. परंतु या गवताच्या अंगीं दुसराहि एक गुण आहे. जुन्या बॅटऱ्या फोडतात तेथें शिसें मातींत मिसळतें; तें कुजून नाहींसें होत नाहीं आणि धुळीवाटें व पिकांवाटें माणसाच्या पोटांत जातें. अशा जागीं वाळा लावावा. अनुकूल जमिनींत त्याचीं मुळें ३ ते ४ मीटर खोल जातात व माती धरून ठेवतात. शोषलेलें शिसें बव्हंशीं मुळांतच राहतें, पात्यांत थोडेंच चढतें. माती शुद्ध होण्यास मात्र वर्षानुवर्षें लागतात. आणि एक पथ्य अवश्य पाळावें : त्या जमिनींतील वाळा माठांत घालूं नये, गुरांसहि चारूं नये. ज्या मुळानें विष धरलें, तेंच पाण्यांत सोडलें तर सारे श्रम व्यर्थ होत.