चर्चच्या दारावरील तो फलक काय सांगतो?

आपल्यातील अनेक आईवडील परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे काही महिने राहून येतात. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, डॅलस वा ह्यूस्टन परिसरात गेलेल्यांना रविवारी मिस्सासाठी जाताना काही चर्चच्या प्रवेशद्वारावर इंग्रजी व स्पॅनिश भाषांतील ठळक अक्षरांचा एक फलक दिसतो. त्यावर '३०.०६' आणि '३०.०७' असे आकडे असतात. पवित्र शास्त्रातील अध्याय व ओवी असावी, असा प्रथम समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ते टेक्सासच्या दंडसंहितेतील कलमांचे क्रमांक असून, पिस्तूल घेऊन आत येऊ नये, अशी ती कायदेशीर सूचना असते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही आणि परवाना मिळणेही कठीण असते. त्यामुळे आपल्या धर्मग्रामात असा फलक लावण्याचा प्रसंग येत नाही. टेक्सासमध्ये परिस्थिती निराळी आहे. तेथे १९९६ पासून परवानाधारकांना पिस्तूल लपवून बाळगण्याची, तर १ जानेवारी २०१६ पासून ते कमरेला उघडपणे लावून फिरण्याची मुभा मिळाली. १ सप्टेंबर २०२१ पासून तर २१ वर्षांवरील बहुतेक नागरिकांना त्यासाठी परवान्याचीही गरज उरली नाही. मात्र खासगी जागेच्या मालकाचा नकार देण्याचा हक्क कायद्याने अबाधित ठेवला. हा नकार व्यक्त करण्याचे साधन म्हणजे हे फलक होत.

यातील कलम ३०.०६ लपवून आणलेल्या पिस्तुलाविषयी आहे, तर ३०.०७ उघडपणे बाळगलेल्या पिस्तुलाविषयी. ही दोन्ही कलमे परवानाधारकांना लागू होतात. परवाना नसलेल्यांसाठी कलम ३०.०५ चा तिसरा फलक २०२१ नंतर प्रचारात आला. एकच फलक लावला तर तेवढ्याच प्रकाराला मनाई होते. म्हणून काही दारांवर दोन वा तीन फलक शेजारी शेजारी दिसतात.

फलकाचा मजकूर मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. कायद्याने ठरवून दिलेली शब्दरचना, इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषा, पार्श्वभूमीहून वेगळ्या रंगातील किमान १ इंच उंचीची अक्षरे आणि सहज नजरेस पडेल अशी जागा, या अटी पाळाव्याच लागतात. पिस्तुलावर लाल काट मारलेले नुसते चित्र परवानाधारकावर बंधनकारक ठरत नाही. याउलट इलिनॉय राज्यात अशा चित्राचाच ४ इंच बाय ६ इंचांचा फलक कायद्याने विहित केला आहे. एका राज्यातील नियम दुसऱ्या राज्यात गृहीत धरता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

टेक्सासमध्ये विधिवत फलक लावलेला असूनही पिस्तूल घेऊन आत गेल्यास २०० डॉलरपर्यंत दंड होतो. निघून जाण्यास तोंडी सांगितल्यावरही ती व्यक्ती न गेल्यास गुन्हा गंभीर ठरतो व १ वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे फलक नसला तरी धर्मगुरूंचा वा जबाबदार व्यक्तीचा स्पष्ट शब्दही कायद्याला मान्य आहे.

चर्चच्या बाबतीत हा प्रश्न केवळ कायद्याचा उरत नाही. डॅलसचे तत्कालीन बिशप केव्हिन फॅरेल यांनी २०१६ च्या प्रारंभी आपल्या धर्मप्रांतातील चर्च व शाळांत शस्त्रास मनाई असल्याचे जाहीर केले. पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची वार्ता २१ एप्रिल २०२५ रोजी जगाला सांगणारे कार्डिनल फॅरेल ते हेच. पुढे ५ नोव्हेंबर २०१७ रोजी टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्स येथील बाप्टिस्ट चर्चमध्ये उपासनेच्या वेळी झालेल्या गोळीबारात, गर्भातील एका बालकासह, २६ जणांचा बळी गेला. २९ डिसेंबर २०१९ रोजी व्हाइट सेटलमेंट येथील चर्चमध्ये दोन भाविक मारले गेले. मात्र सशस्त्र स्वयंसेवकाने हल्लेखोराला काही सेकंदांतच टिपले. त्यामुळे शस्त्र दाराबाहेर ठेवावे की रक्षणासाठी आत असू द्यावे, यावर तेथील श्रद्धावंतांत प्रामाणिक मतभेद आहेत.

फलक लावल्याने ठार मारण्याच्या हेतूने आलेला माणूस थांबत नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु कायदा पाळणाऱ्या शेजाऱ्याला तो यजमानाची इच्छा निःसंदिग्धपणे सांगतो आणि ती डावलणाऱ्यावर कारवाईचा आधार देतो. फलक नसल्यास मात्र शेजारच्या बाकावर गुडघे टेकलेल्या भाविकाच्या कोटाखाली कायदेशीर पिस्तूल असू शकते, हेही आपण जाणून असावे. त्यात भयभीत होण्यासारखे काही नाही. पण अनभिज्ञ राहण्यासारखेही नाही.

टेक्सासला जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना आमची एवढीच विनंती आहे की, दारावरील अक्षरे वाचावीत, मुलांना त्यांचा अर्थ विचारावा आणि शंका आल्यास तेथील धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. प्रार्थनेला जाताना तेथील माणूस कोणत्या चिंता बरोबर घेऊन जातो, हे त्या एका फलकातून आपल्याला उमगेल.