तुंबीची तार आणि अनोळखी राहिलेला आवाज

भिवापूर, उमरेड या पट्ट्यात लग्नसराई सुरू झाली की वरातीपुढे धुमाल पथक येते. गाडीवर ऑक्टोपॅड, बँजो, ढोल आणि कर्णे यांचा संसार मांडलेला असतो. मिरचीसाठी नावाजलेल्या या गावांत पंजाबी बोलणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. पण वरातीत भांगड्याची चाल लागली की नऊवारीतल्या आजीबाईंपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांचे खांदे हलू लागतात. पंजाबच्या शेतातला हा ठेका विदर्भाच्या वरातीत रुळला तो बराचसा हिंदी चित्रपटांच्या वाटेने. ‘मुंडियां तों बच के’ या गाण्याने मात्र याहून कितीतरी लांबचा फेरा घेतला. त्याचे कर्ते म्हणून जगाला ठाऊक असलेले नाव आहे पंजाबी एमसी.

पंजाबी एमसी म्हणजे राजिंदरसिंग राय. जन्म १९७३ चा, इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातला. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागातील कारखान्यांत आणि ओतशाळांत काम करायला हजारो पंजाबी कुटुंबे गेली. त्यांच्या लग्नांत, गुरुद्वाऱ्यांच्या आसपास, भांगडा टिकला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात साउथॉलच्या ‘आलाप’सारख्या वाद्यवृंदांनी त्यात सिंथेसायझर आणि विजेची गिटार आणली. घरी पंजाबी, रस्त्यावर इंग्रजी आणि कानाशी कृष्णवर्णीयांचे संगीत अशी तिपेडी वीण घेऊन वाढलेली पिढी ऐंशीच्या दशकात तरुण झाली. या मुलांना रात्री नृत्यगृहांत जायची घरून परवानगी नसे, म्हणून भांगड्याच्या मैफली भरदुपारी भरत. मुले शाळा बुडवून जात, हे वेगळे सांगायला नको.

योगायोग असा की, हिप-हॉपचे जन्मवर्षही १९७३ च मानले जाते. त्या वर्षीच्या ११ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जमैकातून आलेल्या डीजे कूल हर्कने एका घरगुती समारंभात दोन तबकड्या शेजारी-शेजारी लावल्या. गाण्यातला गायक थांबून नुसता ताल वाजतो तेवढाच तुकडा पुन:पुन्हा वाजवत राहिले तर नाचणाऱ्यांना उसंत मिळत नाही, हे त्याच्या लक्षात आले होते. त्या तुकड्यावर कुणी लयीत बोलू लागले, त्याचे ‘रॅप’ झाले. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलून त्यावर नवे गाणे उभे करणे ही या संगीताची मूळ सवय. त्याला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात.

मग हे दोन प्रवाह इतक्या सहज कसे मिसळले? उत्तर ठेक्यात आहे. भांगड्याची प्रचलित चाल आठ मात्रांची, आपल्या केरव्याची सख्खी भावंडे शोभावी अशी. ढोलाच्या एका तोंडावर जाड, वाकडी काठी पडते ती ‘डग्गा’. दुसऱ्या तोंडावर बारीक वेताची काडी पडते ती ‘तिल्ली’. डग्ग्याचा घुमारा खाली, तिल्लीची थरथर वर. हिप-हॉपमध्येही खाली जड खर्ज आणि वर टणक, कोरडा ठोका अशीच रचना असते आणि मोजणी चाराच्या पटीत. गती जुळवली की दोन्ही एकमेकांवर बेमालूम बसतात. फरक उरतो तो झोक्याचा: भांगडा मात्रांमध्ये किंचित लंगडतो, उड्या मारतो. यंत्राचा ठोका सरळ चालतो. त्या सरळ चालीवर हा लंगडा झोका पडला की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप उचलले जातात.

१९९८ च्या ‘लीगलाइज्ड’ या संग्रहातील ‘मुंडियां तों बच के’मध्ये राय यांनी नेमके हेच केले. एका तारेच्या तुंबीची चार-दोन स्वरांची आवर्तने, ढोल आणि त्याखाली ‘नाइट रायडर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकसंगीताचा खर्ज. त्याच धूनेवर अमेरिकी रॅपर बस्टा ऱ्हाइम्सनेही गाणे बेतले होते, त्यामुळे हिप-हॉपच्या श्रोत्याला ती ओळखीची वाटली. वयात आलेल्या मुलीला ‘पोरांपासून सांभाळून राहा’ असे सांगणारे शब्द मात्र अस्सल पंजाबी राहिले. गाणे काही वर्षे आशियाई वस्त्यांतच फिरले. २००२ च्या अखेरीस ते जर्मनीत नव्याने प्रसिद्ध झाले आणि युरोपभर पसरले. इटलीत पहिल्या क्रमांकावर गेले, जानेवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या यादीत पाचवे आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या जे-झीने त्यावर स्वत:चा रॅप चढवला आणि त्यात इराक युद्धाविषयीची नाराजीही बोलून दाखवली. ज्या भाषेचा एक शब्द कळत नाही त्या भाषेतील गाण्यावर बर्लिन नाचत होते.

या साऱ्या कीर्तीत एक माणूस मागे राहिला. गाण्यातला तो उंच, धारदार आवाज राय यांचा नाही. तो लाभ जंजुआ यांचा. लुधियाना जिल्ह्यातील खन्ना परिसरातून आलेले हे गायक पुढे मुंबईत स्थिरावले. ‘पार्टनर’मधील ‘सोनी दे नखरे’, ‘सिंग इज किंग’मधील ‘जी करदा’ आणि ‘क्वीन’मधील ‘लंडन ठुमकदा’ या गाण्यांतून त्यांचा आवाज वरातीवरातीत पोहोचला. चेहरा मात्र पोहोचला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये गोरेगाव येथील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले, तेव्हा त्यांची ओळख वाचकांना गाण्यांची यादी देऊन करून द्यावी लागली. या संगीतप्रकारात निर्मात्याचे नाव मुखपृष्ठावर येते आणि गायक श्रेयनामावलीच्या बारीक अक्षरांत जातो. राय यांची कल्पकता वादातीत आहे. पण जंजुआंचा गळा नसता तर त्या खर्जावर उभे राहायला उरले असते काय, हा प्रश्न रास्त आहे.

महाराष्ट्रापाशीही एकतारी वाद्य आहे, तुणतुणे. शाहिराच्या मागे, खडी गंमतीत ते हमखास असते. तरीही तुंबीसारखे ते जगाच्या नृत्यगृहांत गेले नाही. याचे एक कारण वादनाच्या रीतीत आहे. तुंबीची तार बोटाने दाबून स्वर बदलतात, तिच्यावर धून वाजते आणि धून स्मरणात राहते. तुणतुणे मुख्यत: एकच स्वर आणि लय धरून ठेवते, धून शाहिराच्या गळ्यात आणि चमत्कृती त्याच्या शब्दांत. मराठीची शिदोरी शब्दप्रधान आहे. पोवाड्यातले लयबद्ध कथन रॅपच्या किती जवळ जाते, हे दोन्ही ऐकलेल्याला सांगावे लागत नाही.

म्हणूनच विदर्भातून या प्रवाहात जे आले ते शब्दांच्या वाटेने. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेडआरबीएच’ या नावाने मराठीत रॅप करतो. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या समूहाशी त्याचे नाते आहे. २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटातील ‘इंडिया ९१’ या गाण्यात मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या कर्नाटक तालावर मराठी, हिंदी, गुजराती आणि पंजाबी रॅप एकापाठोपाठ येतात. त्यात अमरावतीचा हा आवाज आहे. २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘हसल’ या रॅप स्पर्धेच्या चौथ्या पर्वात तो घराघरांत दिसला. इथे बोलणारा आणि लिहिणारा एकच असल्याने आवाज कुणाचा हे विचारावे लागत नाही.