हजेरी कोण घेतंय?

शनिवारी शेअर बाजार बंद असतो, पण दलालांच्या नेटवर्कवाल्यांना त्या दिवशीही सुट्टी मिळेल याची खात्री नसते. एक्स्चेंज अधूनमधून शनिवारी मॉक ट्रेडिंग ठेवतं. त्यात भाव खोटे असतात, ऑर्डरी खोट्या असतात, पण केबली, राउटर आणि वैताग खरा असतो. मुंबईतल्या एका ब्रोकिंग कंपनीच्या डीलिंग रूममध्ये अशाच एका शनिवारी खिडकीकडच्या रांगेतले भाव पुन्हापुन्हा गोठत होते. दाराकडच्या रांगेत मात्र सगळं सुरळीत. नवा स्विच बसल्यापासून हे चाललं होतं आणि डीलरांचं एकच पालुपद होतं, "मॅडम, रीस्टार्ट मारला की चालतं."

नेटवर्क सांभाळणाऱ्या बाई मूळच्या सांगलीकडच्या. हाताखालचा मुलगा लॅपटॉप उघडून राउटरमध्ये शिरायच्या तयारीत होता. बाईंनी त्याला थांबवलं, खिडकीकडच्या एका डीलरशेजारी खुर्ची ओढली आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. डीलरने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. भाव पळू लागले. बाई काही न करता पडद्याकडे बघत बसल्या. रूममधल्या दहा जणांना त्या वेळ घालवताहेत असं नक्की वाटलं असेल. चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास भाव थांबले.

"दोनशे साठ," त्या मुलाला म्हणाल्या. "केबल तपासत बसू नकोस. हजेरी कोण घेतंय ते बघ."

हा २६० चा आकडा त्या दिवसात त्यांच्या तोंडून इतक्या वेळा आला, की शेवटी चहा आणणाऱ्यालाही तो पाठ झाला असावा. तो कुठून येतो हे कळायला मल्टिकास्ट म्हणजे काय ते आधी पाहावं लागतं. भाव एकच असतो आणि तो हवा असणारे पुष्कळ. समजा भावांचा प्रवाह सेकंदाला २० मेगाबिट आहे आणि टर्मिनलं ४० आहेत. प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवायची तर सर्व्हरला ८०० मेगाबिट ओतावे लागतील, म्हणजे एक गिगाबिटची लाइन जवळजवळ भरली. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकच प्रत सोडतो आणि जिथे वाट फुटते तिथेच राउटर किंवा स्विच तिच्या जास्त प्रती काढतो. २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते यासाठीच राखलेले. ते कुठल्याच एका यंत्राचे नसतात, गटाचे असतात. पाठवणाऱ्याला आपलं कोण ऐकतंय हे ठाऊकच नसतं.

आणि कोण आधी ऐकतंय, हेही त्याच्या हातात राहत नाही. दलाल स्ट्रीटच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज २०१० च्या सुमारास को-लोकेशनमधल्या, म्हणजे एक्स्चेंजच्याच आवारात सर्व्हर ठेवणाऱ्या, सभासदांना टिक-बाय-टिक भाव टीसीपीने, म्हणजे प्रत्येकाला वेगळ्या जोडणीवरून, एकामागून एक पाठवत असे. ज्याची जोडणी आधी, त्याला भाव आधी. काही दलालांनी याचा फायदा उठवल्याच्या आरोपावरून मोठं प्रकरण उभं राहिलं. २०१४ मध्ये मल्टिकास्ट फीड आली. २०१९ मध्ये सेबीने एक्स्चेंजला ६२४.८९ कोटी रुपये आणि त्यावरचं व्याज भरायला सांगितलं. २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, मात्र दक्षता कमी पडल्याबद्दल १०० कोटी भरायला लावले. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. नेटवर्कवाल्यांच्या नजरेने पाहिलं तर वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता: प्रती कोणी आणि कुठे काढायच्या?

तर, २६०. एखाद्या टर्मिनलला गटाचे भाव हवे असले की ते आयजीएमपी नावाच्या प्रोटोकॉलने "मी आहे" असा निरोप टाकतं. स्विच हा निरोप चोरून ऐकतो, त्याला स्नूपिंगच म्हणतात, आणि त्या पोर्टवर प्रवाह सोडतो. पण टर्मिनल उद्या बंद पडलं तर? म्हणून वर्गात मास्तरांनी हजेरी घ्यावी तसं कुणीतरी दर १२५ सेकंदांनी विचारायचं असतं, "कोण कोण आहे?" उत्तराला १० सेकंदांची मुभा. दोन हजेऱ्या चुकल्या की नाव कटलं. १२५ दुणे २५० आणि वर १०.

विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. सहसा ते काम राउटरच करतो. इंटरफेसवर पिम हा मल्टिकास्ट राउटिंगचा प्रोटोकॉल चालू असला की हजेरी आपोआप सुरू होते. इथे भाव वाटणारा सर्व्हर आणि डीलर एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच कप्प्यात होते. त्यामुळे राउटिंगची गरजच नव्हती आणि नेमकी तिथेच गोम होती. जुना राउटर निघाला, त्याचं बाकीचं काम नव्या स्विचकडे गेलं. आयपी पत्ता आला, रूट आले, या व्हीलॅनवरची पिमची एक ओळ मात्र राहून गेली. प्रोग्रॅम सुरू होताना टर्मिनल न विचारताच "मी आहे" म्हणतं, म्हणून भाव लगेच दिसत. पुढे कुणी विचारतच नसे, आणि २६० सेकंदांनी स्विच त्याचं नाव खोडून टाकी. कंपनीने महागडा स्विच घेतला, त्याचा ब्रोशर वाचला, पण जुन्या राउटरची कॉन्फिगरेशन ओळीओळीने वाचायला कुणाला वेळ दिला नाही. असल्या चुका 'मनुष्यदोष' म्हणून फाइलीत जातात.

मग दाराकडची रांग कशी चालत होती? बाईंनी तिचा गट पाहिला आणि कपाळावर हात मारला. पत्ता होता २३९.०.०.५.

यामागे एक जुना किस्सा सांगितला जातो. आयपी मल्टिकास्टचा पाया घालणारे स्टीव्ह डीअरिंग त्या वेळी स्टॅनफर्डमध्ये होते. १९८९ चं आरएफसी १११२ त्यांचंच. गटाच्या पत्त्यातले सगळे २८ बिट इथरनेटच्या पत्त्यात बसवायचे तर पत्त्यांचे १६ संच विकत घ्यावे लागणार होते. पैसे होते एकाच संचापुरते, आणि त्यातलाही अर्धाच इंटरनेटच्या आकड्यांचं वाटप सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी मल्टिकास्टला दिला. बिट मिळाले २३. त्यामुळे आजही ३२ वेगवेगळे गट इथरनेटवर एकाच पत्त्याने ओळखले जातात. २३९.०.०.५ चा इथरनेट पत्ता आणि राउटरांच्या आपसातल्या ओएसपीएफ संवादाचा, म्हणजे २२४.०.०.५ चा पत्ता एकच येतो. असा पत्ता दिसला की बहुतेक स्विच विचारपूस न करता सगळ्या पोर्टवर प्रवाह सोडून देतात. म्हणजे दाराकडची रांग चुकीचा पत्ता दिल्यामुळे चालत होती! एका चुकीने दुसरी झाकली होती आणि त्या आधारावर "प्रॉब्लेम खिडकीकडच्या केबलचा" हा निष्कर्ष आठवडाभर रूममध्ये फिरत होता.

क्वेरियर चालू करायला एक ओळ पुरली. नंतर बाईंनी पुन्हा स्टॉपवॉच लावलं. २६० उलटले, ३०० झाले, भाव पळत राहिले. डीलर उठून जेवायला गेले.

दुपारी बाईंनी स्वतःहूनच बाहेरच्या लाइनी तपासायला घेतल्या. मल्टिकास्ट यूडीपीवर चालतं. हरवलेलं पाकीट पुन्हा मागायची सोय त्यात नाही, म्हणून अनेक एक्स्चेंज तोच माल ए आणि बी अशा दोन प्रवाहांनी पाठवतात. इथे ए पहिल्या लाइनने येई आणि बी दुसरीने. मुलाने बीच्या उगमाला पिंग केला. "जातोय की, मॅडम."

"पिंगवर जाऊ नकोस. काउंटर बघ."

काउंटरमध्ये आरपीएफ फेल्युअर लाखोंनी साचले होते. मल्टिकास्ट राउटर पाकीट कुठे चाललंय यापेक्षा ते कुठून आलंय हे आधी पाहतो. उगमाकडे परत जायचं तर मी कोणत्या दाराने जाईन? पाकीट त्याच दाराने आलं असेल तर आत, नाही तर गुपचूप कचऱ्यात. चक्रात फिरणाऱ्या प्रती अशानेच रोखल्या जातात, त्यामुळे हा संशयीपणा गैर नाही. पण कुणीतरी एक ढोबळ रूट टाकून एक्स्चेंजकडची सगळी वाट पहिल्या लाइनने दाखवली होती. बीची पाकिटं दुसरीने येत आणि दारातच मरत. पिंग बिचारा पहिल्या लाइनने जाऊन येई. ए चालू होती म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. दुसऱ्या लाइनचं भाडं मात्र दर महिन्याला जात होतं.

बाईंनी बीच्या उगमासाठी वेगळा एमराउट, म्हणजे फक्त मल्टिकास्टपुरता रूट टाकला आणि मुलाला पहिली लाइन काढायला सांगितली. त्याचा हात थबकला. "काढ रे, मॉक आहे." भाव चालू राहिले.

उघड्या इंटरनेटवर मल्टिकास्ट कधी रुजलंच नाही. १९९४ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या मैफिलीतला काही भाग एमबोन या इंटरनेटवरच्या मल्टिकास्ट जाळ्यावरून लोकांनी पाहिला तेव्हा भविष्य हेच असं वाटलं होतं. पण प्रत्येक गटाची नोंद वाटेतल्या प्रत्येक राउटरने ठेवायची, आणि त्याचे पैसे कोण देणार हे ठरेना. आज व्हिडिओ बहुतेक वेगवेगळ्या प्रतींनीच घरोघर जातात. मल्टिकास्ट उरलं ते एका मालकाच्या नेटवर्कमध्ये: बाजाराचे भाव, आयपीटीव्ही, कॅमेरे. तिथे ते जाणणारी माणसं मोजकी असतात आणि त्यांना बहुधा काहीतरी गोठल्यावरच बोलावलं जातं.

संध्याकाळी मुलाने बाईंच्या सांगण्यावरून जुन्या राउटरच्या कॉन्फिगरेशनची प्रत शोधून काढली. पिमची ओळ आणखी दोन व्हीलॅनवर होती आणि नव्या स्विचवर ती तिथेही नव्हती. त्यातली एक वरच्या मजल्यावरच्या रिस्क टीमची. तिथून तक्रार का आली नाही हे विचारायला बाईंनी फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, तक्रार कसली, आयटीच्याच एका पोराने दर चार मिनिटांनी प्रोग्रॅम आपोआप रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट बसवून दिली आहे, छान चालते.

"चार मिनिटं, म्हणजे दोनशे चाळीस," बाई फोन ठेवत म्हणाल्या. "आकडा बरोबर काढला पोराने. सोमवारी त्याला माझ्याकडे पाठव."